लसीतून सूट हवी आहे? फॉर्म फुकट असतो, मग बिल कशाचं ते बघा

अमेरिकेत मुलाला शाळेत घालायचं तर लसींची नोंद द्यावी लागते, नाहीतर सूट (एक्झेम्प्शन) मिळाल्याचा कागद. पुण्या-मुंबईहून नुकत्याच गेलेल्या पालकांना हा दुसरा कागद बहुधा ऐकूनही माहीत नसतो. मग कुणी सांगतं डॉक्टरकडून लिहून आण, कुणी सांगतं नोटरी कर, कुणी एखाद्या वेबसाइटचं नाव देतं. प्रत्येक जण पैसे मागतो, आणि ते नेमके कशाचे हे कुणी नीट सांगत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. शाळेसाठीची सूट देण्याबद्दल सरकार सहसा पैसे घेत नाही. राज्याचा आरोग्य विभाग त्याचा छापील किंवा ऑनलाइन फॉर्म फुकट देतो, शाळाही तो जमा करून घ्यायचे पैसे घेत नाही. खर्च होतो तो आजूबाजूला: डॉक्टरची तपासणी, डॉक्टरच्या ऑफिसने लावलेली ‘फॉर्म फी’, नोटरी आणि जुन्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि ते राज्यागणिक बदलतात. त्यामुळे कुणी रक्कम सांगितली की पहिला प्रश्न हा विचारायचा: हे यातल्या कशाचे? उत्तर ‘एक्झेम्प्शनचे’ असं गोळाबेरीज आलं, तर तिथेच थांबा.

आधी बघा, सूट खरंच लागणार आहे का

भारतातून आलेल्या मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा सूट लागतच नाही. लसी झालेल्या असतात, फक्त कार्ड शाळेतल्या माणसाला वाचता येत नाही. ‘तुमच्या मुलाच्या लसी अपूर्ण आहेत, डोस घ्या किंवा एक्झेम्प्शन आणा’ असं पत्र घरी येतं आणि पालक घाबरून एक्झेम्प्शनच्या मागे लागतात. त्यापूर्वी कार्ड घेऊन बसा आणि चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट तारीख. आपण ०५/०३/२०२१ लिहितो ते पाच मार्चसाठी. अमेरिकेत ते तीन मे होतं. एवढ्या फरकानेही दोन डोसांमधलं अंतर कमी दिसतं, किंवा वाढदिवसानंतर दिलेला डोस वाढदिवसाआधीचा ठरतो. १३/०३ सारखी तारीख आली तर ती संगणकात जातच नाही, आणि डोस सरळ गाळला जातो. सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरात लिहून एका कागदावर उतरवा आणि तो कार्डाच्या प्रतीला जोडा. अर्धे घोळ इथेच सुटतात.

दुसरी गोष्ट गोवरची लस. सरकारी कार्यक्रमात आपल्याकडे एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. अमेरिकन शाळांना एमएमआर लागते, तिच्यात गालगुंडही येतं. शिवाय पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस तिथे धरत नाहीत, त्यामुळे नवव्या महिन्याचा डोस हिशोबातून जातो. खासगी डॉक्टरकडे लस घेतली असेल तर कार्डावर बहुधा ‘ट्रेसिवॅक’ लिहिलेलं असतं. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एमएमआरच आहे, पण क्लार्कला नाव ओळखीचं नसतं. परदेशी लसींच्या नावांची यादी सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, दिलेली आहे. ती बालरोगतज्ज्ञाच्या ऑफिसला दाखवा आणि नोंद ‘एमएमआर’ म्हणून करून घ्या.

तिसरी पोलिओ. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस अमेरिकेत मोजत नाहीत, कारण त्यानंतर जगभर तीनऐवजी दोन प्रकारांची लस वापरात आली. पल्स पोलिओचे दहा डोस घेतले असले तरी उपयोग नाही, इंजेक्शनचे डोस लागतात. त्यावर वाद घालण्यात वेळ जातो. डोस घेऊन टाका.

चौथी गोष्ट पेंटाव्हॅलंट. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब अशा पाच लसी असतात, पण फॉर्मवर एकाच रकान्यात खूण झालेली असते. उरलेल्या रकान्यांतही त्याच तारखा भरून घ्या. बीसीजी आणि टायफॉइड कुणी विचारत नाही.

एवढं करूनही एखाद-दोन डोस कमी पडले, तर कॅच-अप (राहिलेले डोस भरून काढण्याच्या) वेळापत्रकाने ते देणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. नोकरीतून मिळालेला नेहमीचा आरोग्य विमा असेल तर शिफारस केलेल्या बाललसी नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरकडे फुकट असतात. विमा नसेल, मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची) पात्रता असेल, किंवा विमा लसींचे पैसे देत नसेल, तर ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ ही केंद्राची योजना १९९४ पासून आहे. वय १९ पूर्ण होईपर्यंत लस मोफत. टोचण्याचं थोडं शुल्क घेता येतं, त्यालाही कमाल मर्यादा आहे, आणि ते परवडत नाही म्हणून लस नाकारता येत नाही. पुढचा डोस अजून देय झालेला नसेल तर शाळा सहसा अटीवर प्रवेश देते. म्हणजे पहिला डोस आज आणि दुसऱ्याची तारीख हातात, एवढ्यावर मूल वर्गात बसू शकतं.

कॅलिफोर्निया: इथे फॉर्मचे पैसे मागणं बेकायदा आहे

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, मराठी कुटुंबं भरपूर, आणि नियमही तिथे खूप कडक. १ जुलै २०१६ पासून तिथे धार्मिक किंवा वैयक्तिक मतावरून सूट मिळत नाही, फक्त वैद्यकीय मिळते. २०१९च्या कायद्याने तीही एका ठरावीक वाटेने न्यायला लावली, आणि १ जानेवारी २०२१ पासून नवी प्रत्येक वैद्यकीय सूट राज्याच्या केअर-एमई पोर्टलवरूनच निघते. लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. ते लिहून द्यायला कुणी पैसे मागत असेल तर ते पैसे पाण्यात.

त्याच कायद्यात एक कलम आहे जे पालकांना क्वचितच माहीत असतं. हेल्थ अँड सेफ्टी कोडचं कलम १२०३७२ सांगतं की वैद्यकीय सुटीचा फॉर्म भरण्याबद्दल डॉक्टरने शुल्क घ्यायचं नाही, आणि तात्पुरत्या सुटीच्या नूतनीकरणासाठी केलेल्या तपासणीबद्दलही नाही. यात काय येत नाही तेही लक्षात घ्या. पहिल्या वेळची तपासणी ही नेहमीची व्हिजिट आहे. तिचं बिल विम्याला जाणार, तुमचा को-पे (दर भेटीला खिशातून द्यायची रक्कम) लागणार, आणि त्यात काही गैर नाही.

उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पावणेपाच वर्षांचं मूल, जानेवारीत कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) आजार झाला, रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं, वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम. या मात्रेनंतर एमएमआर आणि कांजिण्यांची लस ११ महिने लांबवायची असते, कारण बाहेरून दिलेली प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूला निकामी करतात आणि डोस वाया जातो. शाळा ऑगस्टमध्ये, लस डिसेंबरमध्ये. अशा वेळी तात्पुरती सूट खरोखर लागते.

१. केअर-एमईवर पालकाने खातं उघडायचं आणि मुलाची नोंद करायची. नाव शाळेच्या नोंदीशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधल्या नावात येतं. शाळेत ते असेल तर इथेही घाला, नसेल तर घालू नका. शेवटी एक अर्ज क्रमांक मिळतो. खातं, अर्ज, क्रमांक, सगळं विनामूल्य.

२. तो क्रमांक डॉक्टरला द्यायचा. डॉक्टर कॅलिफोर्नियाचा परवाना असलेला एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) हवा. नर्स प्रॅक्टिशनरची सही चालत नाही. शक्यतो मुलाचा नेहमीचा बालरोगतज्ज्ञच गाठा. दुसऱ्या कुणी फॉर्म दिला तर त्यावर नेहमीच्या डॉक्टरचं नाव आणि त्याने का दिला नाही याचं कारण लिहावं लागतं, आणि तिथे भुवया उंचावतात.

३. व्हिजिटला रुग्णालयाचा डिस्चार्ज समरी घेऊन जा. त्यात इम्युनोग्लोब्युलिनची तारीख आणि मात्रा स्पष्ट दिसली पाहिजे. या दोन गोष्टी नसल्यामुळेच ‘रेकॉर्ड मागवून घेतो, पुढच्या वेळी या’ असं होतं आणि दुसरा को-पे लागतो.

४. सूट लसीनिहाय मागायची. वरच्या मुलाला फक्त एमएमआर आणि कांजिण्या, डिसेंबरपर्यंत. पोलिओ आणि डीटॅप (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) वेळेवर द्यायचेच. ‘सगळ्याच लिहून टाका’ म्हटलं की कारण जुळत नाही आणि पुढच्या छाननीत कागद अडतो.

५. डॉक्टर पोर्टलवरच सूट देतो, छापून सही करतो. छापलेली प्रत तुम्ही शाळेत द्यायची, आणि एक घरी ठेवायची.

तात्पुरती सूट एका वर्षापेक्षा जास्त मिळत नाही. कायमची म्हणतात तीही खरं तर टप्प्यापुरती असते: बालवाडीपर्यंत, मग किंडरगार्टन ते सहावी, मग सातवी ते बारावी. प्रत्येक टप्प्याला नवी लागते. पहिलीत मिळालेली सूट सातवीत चालेल या भरवशावर राहिलेल्या पालकांची सातवीच्या ऑगस्टमध्ये धावपळ होते. जूनमध्येच अपॉइंटमेंट घ्या.

सूट मिळाली म्हणजे विषय संपला असंही नाही. शाळेतलं लसीकरण ९५ टक्क्यांखाली असेल, किंवा त्या डॉक्टरने एका वर्षात पाच किंवा जास्त सुटी दिल्या असतील, तर राज्याचा आरोग्य विभाग त्या तपासतो. निकष न जुळल्यास सूट रद्द होते. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, आणि अपील चालू असेपर्यंत मूल शाळेत जाऊ शकतं. अपील करायचं नसेल तर त्याच ३० दिवसांत राहिलेल्या लसी सुरू कराव्या लागतात. म्हणून ‘हमखास सूट देणारा डॉक्टर’ शोधणं उलट अंगाशी येतं. त्याचेच कागद सगळ्यात आधी टेबलावर येतात.

टेक्सस: इथे खर्च नोटरीचा

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे चित्र वेगळं आहे. टेक्ससमध्ये धार्मिक किंवा वैयक्तिक कारणावरून प्रतिज्ञापत्र देऊन सूट मिळते. पूर्वी राज्याकडे विनंती करून फॉर्म टपालाने मागवावा लागे. १ सप्टेंबर २०२५ पासून तो आरोग्य विभागाच्या वेबसाइटवरून थेट उतरवता येतो, फुकट. त्यामुळे ‘ऑफिशियल फॉर्म’ विकणाऱ्या साइटला पैसे देण्याचं आता एकही कारण उरलं नाही.

फॉर्म प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि त्यावर नोटरी लागते. शपथ देऊन शिक्का मारायला टेक्ससचा नोटरी जास्तीत जास्त १० डॉलर घेऊ शकतो. ऑनलाइन नोटरी केली तर त्यावर आणखी २५ डॉलरपर्यंत. घरी येणारा नोटरी प्रवासखर्च वेगळा लावतो, तो फोनवरच ठरवून घ्या. मुळात ज्या बँकेत खातं आहे तिथे आधी विचारा, अनेक बँका खातेदारांना हे फुकट करून देतात. शाळेच्या ऑफिसातही कधी नोटरी असतो. स्टॅम्प पेपर वगैरे काही लागत नाही.

इथे चुका ठरलेल्या आहेत. घरून सही करून जाणं ही सगळ्यात मोठी: सही नोटरीसमोरच व्हायला हवी, आधी केली तर कागद पुन्हा छापावा लागतो. दुसरी, ओळखपत्र. टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी न्या, नुसत्या भारतीय पासपोर्टवर बरेच नोटरी अडवतात. तिसरी, तारीख. नोटरी झाल्यापासून ९० दिवसांत प्रतिज्ञापत्र शाळेत पोहोचलं पाहिजे. मे महिन्यात उत्साहाने नोटरी करून भारतात सुट्टीला गेलात आणि ऑगस्टअखेर परतलात, तर मुदत उलटून गेलेली असते आणि सगळं पुन्हा. प्रतिज्ञापत्र दोन वर्षं चालतं, तीही नोटरीच्या तारखेपासून.

वैद्यकीय कारण असेल तर टेक्ससमध्ये नोटरी लागत नाही. मुलाला तपासलेल्या डॉक्टरचं सहीचं लेखी निवेदन पुरतं. ते एक वर्ष चालतं. आजार आयुष्यभराचा असेल तर डॉक्टरने तसं स्पष्ट लिहायला हवं, म्हणजे दरवर्षीची व्हिजिट वाचते. एका वाक्याचा प्रश्न आहे, पण लिहून घ्यायचं राहतं.

१० डॉलरमध्ये काम होतं म्हणून हा मार्ग स्वस्त वाटतो. साथ आली की हिशोब बदलतो. २०२५ मध्ये पश्चिम टेक्ससमधल्या गोवराच्या साथीत ७६२ रुग्ण नोंदले गेले आणि शाळेच्या वयाची दोन मुलं दगावली. अशा वेळी लस न घेतलेल्या आणि रुग्णाच्या संपर्कात आलेल्या मुलाला २१ दिवस घरी बसवतात, ते ठणठणीत असलं तरी. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात हे तीन आठवडे कुठल्याही फीपेक्षा महाग पडतात. त्या काळात वर्गात दुसरा रुग्ण निघाला तर मोजणी पुन्हा सुरू होते.

बाकीच्या राज्यांत थोडक्यात

न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनच्या परिसरात, धार्मिक सुटीसाठी पालकांचं सहीचं लेखी निवेदन शाळेला द्यायचं असतं. वकिलाकडून मसुदा करून घ्यायची गरज नाही. न्यूयॉर्कने धार्मिक सूट १३ जून २०१९ रोजी बंद केली. वैद्यकीय सूट दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. वॉशिंग्टन राज्यात जुलै २०१९ अखेरपासून एमएमआरसाठी वैयक्तिक मताची सूट नाही. ऑरेगनमध्ये ऑनलाइन माहितीपट पूर्ण केला की प्रमाणपत्र स्वतःच छापता येतं. युटामध्ये ऑनलाइन मॉड्यूल फुकट, आणि तेच काउंटीच्या आरोग्य कार्यालयात समोर बसून केलं तर २५ डॉलरपर्यंत शुल्क. मिनेसोटात मताच्या सुटीला नोटरी लागते. मिशिगनमध्ये काउंटीच्या आरोग्य विभागात जाऊन माहितीचं सत्र पूर्ण करावं लागतं आणि ऑगस्टमध्ये त्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत.

डॉक्टरचं बिल कसं वाचायचं

कॅलिफोर्नियाबाहेर अनेक क्लिनिक शाळेच्या फॉर्मसाठी वेगळी फी घेतात. ती बेकायदा असतेच असं नाही, पण टाळता येते.

सोपी युक्ती म्हणजे फॉर्म वार्षिक तपासणीच्या दिवशीच पुढे करायचा. मुलांची वार्षिक तपासणी विम्यात प्रतिबंधक सेवा धरली जाते आणि नेटवर्कमध्ये को-पे लागत नाही. त्या भेटीत फॉर्म भरून घेतला तर बहुतेक ऑफिसं वेगळं काही लावत नाहीत. महिन्याभराने नुसता फॉर्म क्लिनिकच्या पेशंट पोर्टलवर टाकलात की फी लागते. मात्र त्याच दिवशी दम्याची औषधंही बदलून घेतली, तर बिलावर वार्षिक तपासणीसोबत ९९२१३ किंवा ९९२१४ हा आजाराच्या व्हिजिटचा कोड जास्तीचा येतो आणि त्याचा को-पे तुमच्याकडे. हे फसवणं नव्हे, नियमात बसतं. माहीत असलेलं बरं.

‘आयटमाइज्ड बिल’, म्हणजे प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं बिल, मागून घ्या. फॉर्म भरण्याची फी बहुतेकदा ९९०८० या कोडखाली असते, आणि विमा कंपन्या सहसा ती देत नाहीत. कॅलिफोर्नियात एक्झेम्प्शनच्या फॉर्मपोटी हा कोड दिसला, तर वरच्या कलमाचा थेट भंग झाला. आधी ऑफिस मॅनेजरला छोटा ईमेल पाठवा: भेटीची तारीख, केअर-एमईचा अर्ज क्रमांक, किती रक्कम कोणत्या कोडखाली घेतली, कलम १२०३७२, आणि परतावा कधीपर्यंत हवा. सूर साधा ठेवा. बहुतेक वेळा बिलिंगच्या माणसाला कलम माहीतच नसतं आणि पैसे परत येतात. नाही आले तर तक्रार एमडीसाठी मेडिकल बोर्ड ऑफ कॅलिफोर्नियाकडे, डीओसाठी ऑस्टिओपॅथिक मेडिकल बोर्डाकडे. चुकीच्या बोर्डाकडे पाठवलेली तक्रार फिरत राहते, म्हणून डॉक्टरच्या नावापुढची अक्षरं आधी बघा. टेक्ससच्या नोटरीने १० डॉलरहून जास्त घेतले तर तक्रार सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जाते. पावती नसेल तर तिथे काहीच सिद्ध होत नाही.

विमा नसेल किंवा रोख पैसे देत असाल, तर २०२२ पासून तुम्हाला आधी लेखी अंदाजपत्रक मागता येतं. अपॉइंटमेंट किमान तीन कामाच्या दिवसांआधी ठरलेली असेल तर ते द्यावंच लागतं. प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक आलं, तर १२० दिवसांत केंद्राकडे दाद मागता येते.

जुन्या नोंदींच्या प्रतींसाठीही अवाच्या सवा मागतात. रुग्ण म्हणून तुमच्या किंवा मुलाच्या नोंदी मागितल्या तर फक्त प्रत काढण्याची मजुरी, साहित्य आणि टपालखर्च घेता येतो, शोधून काढण्याचे पैसे घेता येत नाहीत. डिजिटल प्रतीसाठी हिशोब मांडायचा नसेल तर संस्थेला सरसकट ६.५० डॉलरपर्यंतचा पर्याय आहे. आणि पेशंट पोर्टलमधून स्वतः उतरवून घेतलं तर काहीच नाही. वरच्या उदाहरणातला डिस्चार्ज समरी बहुतेक वेळा पोर्टलवर पडलेलाच असतो.

विकत मिळणारे कागद

काही साइट्स ‘धार्मिक सुटीचं तयार पत्र’, ‘चर्चचं सदस्यत्व’ किंवा ‘डॉक्टरशी दहा मिनिटं बोला, सूट घ्या’ असली पॅकेजं विकतात. पत्र विकत घेतल्याने सूट मिळत नाही, आणि ज्या राज्यात तशी सूटच नाही तिथे ते पत्र कचरा. याहून वाईट म्हणजे खोट्या नोंदी. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर एका मिडवाइफने लसींऐवजी होमिओपॅथीच्या गोळ्या देऊन सुमारे १,५०० मुलांच्या नोंदी राज्याच्या यंत्रणेत खोट्या भरल्या. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने तिला ३ लाख डॉलर दंड ठोठावला. दंड तिला झाला, पण त्या मुलांच्या नोंदी रद्द झाल्या आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्यांना शाळेबाहेर राहावं लागलं. पालकांनी दिलेले पैसे गेले ते वेगळेच.

खरं कारण आहे की नाही याची ढोबळ कसोटी हवी असेल तर ती अशी. आधीच्या डोसला किंवा लसीतल्या घटकाला जिवावर बेतणारी ॲलर्जी, प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष, नुकतंच दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन, १४ दिवस किंवा त्याहून जास्त काळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड: ही खरी कारणं, यांतली काही तात्पुरती. साधी सर्दी, अंड्याची ॲलर्जी आणि एमएमआर, घरात कुणाला ऑटिझम आहे, ही कारणं नव्हेत. त्यांच्यावर सूट लिहून द्यायला जो पैसे घेतो त्याचा कागद टिकत नाही.

ग्रीन कार्डच्या वेळी: शून्य डॉलर की १,०५०?

मुलाचा ग्रीन कार्डचा अर्ज असेल तर शाळेची सूट इथे चालत नाही. हा वेगळा कायदा आहे. सिव्हिल सर्जन, म्हणजे इमिग्रेशन खात्याने नेमलेला डॉक्टर, आय-६९३ हा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भरतो. त्या फॉर्मला सरकारी फी नाही, पण डॉक्टरच्या फीवर मर्यादाही नाही. म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि विचारताना नेमकं विचारा: मुलाची फी किती, त्यात रक्ततपासणी धरली आहे का, लस तिथेच घेतली तर वेगळे किती?

इथे दोन प्रकारच्या सुटी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. वैद्यकीयदृष्ट्या डोस योग्य नाही, वयात बसत नाही, किंवा मागच्या डोसनंतर पुरेसा काळ झालेला नाही, अशी कारणं सिव्हिल सर्जन आय-६९३ मध्येच खूण करून नोंदवतो. वेगळा अर्ज नाही, फी नाही. कावासाकीच्या त्या मुलाचं काम इथेच होतं. दुसरी सूट धार्मिक किंवा नैतिक आक्षेपाची. तिला आय-६०१ अर्ज लागतो, त्याची फी १ एप्रिल २०२४ पासून १,०५० डॉलर, आणि आक्षेप सगळ्याच लसींना आहे हे दाखवावं लागतं. एखादी लस नको म्हणून ही सूट मिळत नाही, आणि भरलेली फी परत येत नाही. लसींची मालिका अर्धवट असल्यामुळे आय-६०१ भरायला निघालेल्या पालकांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं: त्या भेटीत देता येणारा एकेक डोस घेतला की उरलेल्याला पहिल्या प्रकारची सूट लागू होते.

मराठी किंवा हिंदी मजकूर असलेलं लसीकरण कार्ड असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही ते करावं आणि खाली ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहून नाव, सही, तारीख आणि पत्ता घालावा. नोटरी लागत नाही, एजन्सीही लागत नाही. शेजारचं कुणी करून देऊ शकतं.

लसी सिव्हिल सर्जनकडे घेऊ नका. तो बहुधा तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये नसतो आणि प्रत्येक डोसचे पूर्ण पैसे लावतो. आधी बालरोगतज्ज्ञाकडे विम्यावर डोस घ्या, नोंद छापून न्या, मग तपासणीची वेळ घ्या. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ मूळ अर्जासोबतच जोडावा लागतो, त्यामुळे हे सगळं अर्ज पाठवण्याआधी किमान चार-सहा आठवडे सुरू करा. सिव्हिल सर्जनने दिलेलं सीलबंद पाकीट घरी उघडायचं नाही. आत काय लिहिलं आहे ते बघायचं असेल तर सील करण्याआधीच वेगळी प्रत मागा, आणि लसींच्या पानावर तारखांचे महिने-दिवस उलटे तर झाले नाहीत ना हे तिथल्या तिथे तपासा.